झाडांची वाफ

मुळांनी शोषलेलं बहुतेक पाणी झाडाजवळ राहतच नाही. पानांवरच्या, विशेषतः खालच्या बाजूच्या, पर्णरंध्रांतून ते वाफ होऊन उडतं. भर उन्हात जास्वंदीच्या पानेदार फांदीला पारदर्शक पिशवी घट्ट बांधा. थोड्याच वेळात आतून थेंब जमतील. इंग्लंडच्या स्टीफन हेल्सनं कुंडीतलं सूर्यफूल वारंवार तोलून हे पाणी मोजलं आणि १७२७ साली ग्रंथात मांडलं. किती साधा, किती देखणा प्रयोग!

खोडही थोडं पाणी सोडतं. तुतीच्या फांदीवर बोट फिरवा, बारीक उंचवटे लागतात. ती वल्करंध्रं, पर्णरंध्रांसारखी ती मिटत नाहीत. म्हणूनच विदर्भातला साग उन्हाळ्यात भलीमोठी पानं गाळून बसला, तरी सालीतून थोडीफार वाफ जातच राहते.