वेढ्यातल्या शहरात घेतलेली जमीन



आज यिर्मया या संदेष्ट्याबद्दल बोलायचं आहे. जुन्या करारात त्याच्या नावाचं ५२ अध्यायांचं पुस्तक आहे. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. आयुष्य पायदळात गेलं, निवृत्त झाल्यावर वाचायला सवड मिळाली, आणि हे पुस्तक मी प्रथम वाचलं ते एका वेढ्याची हकीकत म्हणून. मराठीला ते नवं नाही. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. तेव्हा माणसांची आणि गावांची नावं आपल्या मराठी बायबलातल्यासारखीच घेतो.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. यहूदा हे डोंगराळ, लहानसं राज्य, राजधानी यरुशलेम. एका बाजूला मिसर, दुसऱ्या बाजूला बाबेल. ख्रिस्तपूर्व ६०५ मध्ये कर्कमीशच्या लढाईत बाबेलने मिसरी फौज मोडली, आणि तिथून पुढे त्या भागात कोणाचा शब्द चालणार हे ठरून गेलं. ५९७ च्या मार्चमध्ये यरुशलेम पहिल्यांदा पडलं. बाबेलच्या बखरीची मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तिच्यात ही नोंद आहे. तरुण राजा यहोयाखीन, दरबारी, कारागीर यांना बाबेलला नेलं. गादीवर नबुखद्नेस्सरने बसवला त्याचा काका सिद्कीया, निष्ठेची शपथ घेऊन. काही वर्षांनी मिसरच्या भरवशावर सिद्कीयाने शपथ मोडली. बाबेलची फौज परत आली आणि शेवटचा वेढा पडला. तो दीड वर्ष चालला.

या सगळ्या काळात, सुमारे ४० वर्षं, यिर्मया एकच गोष्ट सांगत होता: हे शहर पडणार. पण का पडणार, याचं त्याचं कारण लष्करी नव्हतं. लोक म्हणत, आपल्याकडे मंदिर आहे, देव इथे राहतो, शहराला काही होणार नाही. त्याने मंदिराच्या दारात उभं राहून सांगितलं की परक्याला, पोरक्याला, विधवेला नाडायचं आणि मग इथे येऊन आपण सुरक्षित म्हणायचं, हे चालणार नाही. शिलोलाही एके काळी देवस्थान होतं, जाऊन बघा तिथे काय उरलंय. हे ऐकून लोक त्याला मारायला उठले.

न्याय म्हणजे त्याला काय अभिप्रेत होतं, ते मला ३४व्या अध्यायात नीट कळलं. हा अध्याय प्रवचनांत फारसा येत नाही, यावा असं मला वाटतं. कायदा होता की हिब्रू गुलामाला सातव्या वर्षी सोडायचं. तो कोणी पाळत नव्हतं. वेढा आवळत चालला तेव्हा सिद्कीयाने सगळ्यांकडून मंदिरात करार करवून घेतला. वासरू कापून त्याच्या दोन भागांमधून सरदार चालत गेले आणि गुलाम मोकळे झाले. भीतीने केलं असेल, किंवा पोसायची तोंडं कमी व्हावीत म्हणूनही असेल. वेढ्यात धान्याचा हिशेब सगळ्यांना आठवतो. तेवढ्यात मिसरची फौज निघाल्याची बातमी आली. बाबेलवाल्यांनी वेढा उठवला आणि ते तिला तोंड द्यायला गेले. शहराने सुटकेचा श्वास घेतला. आणि पहिलं काम काय केलं? सोडलेले गुलाम पुन्हा धरून आणले.

यिर्मयाचं उत्तर असं की तुम्ही त्यांना मोकळं केलं नाहीत, तर आता मीही मोकळीक जाहीर करतो, तलवारीला, रोगराईला आणि दुष्काळाला. मिसरी परत फिरतील, बाबेल परत येईल. तसंच झालं.

आता माझी अडचण सांगतो. सरदारांनी राजाकडे तक्रार केली की हा माणूस उरलेल्या शिपायांचे हात ढिले करतो. हा आरोप मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. तो शत्रूला शरण जा म्हणत होता, आणि तेही ऐन वेढ्यात. मी त्या तटावरचा कमांडर असतो तर त्याला शिपायांमध्ये मोकळं फिरू दिलं नसतं. हात ढिले करणं हा तिथल्या फौजेतला नेहमीचा शब्दप्रयोग होता, हेही आपल्याला माहीत आहे. १९३५ मध्ये लाखीशच्या वेशीतल्या खोलीत, राखेच्या थरात, शाईने लिहिलेली खापरं सापडली. एका पोस्टवरच्या अधिकाऱ्याने वरिष्ठाला पाठवलेले संदेश आहेत ते. त्यांतल्या एकात हीच तक्रार आहे, फक्त तिथे बोट राजधानीतल्या सरदारांकडे आहे. दुसऱ्या एका खापरावर तो कळवतो की आम्ही लाखीशच्या धुराच्या इशाऱ्यांवर नजर ठेवून आहोत, अजेकाचे दिसत नाहीत. यिर्मयाच्या पुस्तकात लाखीश आणि अजेका ही तग धरून राहिलेली शेवटची दोन ठाणी म्हणून सांगितली आहेत. ज्याने रात्री शेजारच्या पोस्टचा दिवा शोधला आहे, त्याला ते खापर वाचून जास्त सांगावं लागत नाही.

पण दुसरी बाजू हनन्याची आहे. वेढ्याच्या काही वर्षं आधी हा हनन्या मंदिरात सर्वांसमोर म्हणाला, दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, नेलेली माणसं आणि मंदिराची भांडी परत येतील. यिर्मया तेव्हा गळ्यात लाकडी जू घालून फिरत होता. तो आधी काय म्हणाला? आमेन, तसंच होवो. त्याला स्वतःला हनन्याचं खरं व्हायला हवं होतं. हनन्याने ते जू ओढून मोडलं तरी तो निमूट निघून गेला. नंतर परत येऊन म्हणाला, लाकडाचं मोडलंस, आता लोखंडाचं येईल.

वरिष्ठांना आवडेल असा शत्रूचा अंदाज मांडणारी बैठक मी पाहिली आहे. खोलीतलं मनोधैर्य फार उंचावतं. त्याची किंमत पुढे चढावर गेलेली पोरं देतात. हनन्याची आशा त्या जातीची होती. यिर्मया मात्र बाबेलला नेलेल्या लोकांना पत्र लिहून सांगत होता की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याचं भलं मागा, कारण ७० वर्षं लागणार आहेत. ७० वर्षं म्हणजे पत्र वाचणारा बहुतेक तिथेच मरणार. तरी तो त्यांना जगायला सांगत होता.

यिर्मयाला अखेर चिखलाच्या टाक्यात उतरवलं. तिथून वाचवलं एबद-मेलेख नावाच्या कूशी माणसाने, राजवाड्यातल्या परदेशी नोकराने. दोरांनी काखा सोलू नयेत म्हणून त्याने आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या. त्यानंतर सिद्कीयाने यिर्मयाला गुपचूप बोलावून विचारलं, काय करू? आणि तेव्हासुद्धा, शेवटच्या घटकेला, उत्तर असं होतं की बाहेर जाऊन शरण जा, तू जगशील, शहर जळणार नाही. म्हणजे न्याय हा ठरून गेलेला लेख नव्हता. दार अजून उघडं होतं. राजा म्हणाला, आधी फितूर होऊन गेलेले आपलेच लोक माझी टर उडवतील. तो गेला नाही.

आणि आता जमिनीची गोष्ट. वेढा चालू आहे, तटाला भिडायला मातीचे चढ रचले जात आहेत, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो: अनाथोथची माझी जमीन तू घे, सोडवण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमच्या ईशान्येला पाचेक किलोमीटरवर. म्हणजे जमीन शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात. शिवाय ज्या गावाने एकदा यिर्मयाच्या जिवावर टपून कट केला होता, तेच हे गाव, त्याचं स्वतःचं. अशा सौद्याला आपण काय म्हणू ते सांगायला नको.

यिर्मया १७ शेकेल चांदी तोलून देतो, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. खरेदीखत होतं. सही, मोहर, साक्षीदार. दोन प्रती, एक मोहरबंद, एक उघडी. आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. एवढा कागदोपत्री तपशील या पुस्तकात दुसरीकडे कुठे नाही. वाचताना तलाठ्याच्या कचेरीत बसल्यासारखं वाटतं. पण तपशील हाच तर मुद्दा आहे. कारण तो ज्याची खात्री देतोय ती गोष्ट इतकीच साधी आहे: या मुलखात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

सगळं झाल्यावर मग तो देवाला विचारतो, चढ तटाला भिडलेत, शहर गेल्यात जमा आहे, आणि तू मला जमीन घे म्हणतोस? आधी हुकूम बजावला, शंका मागाहून काढली. शिपायाला हा क्रम ओळखीचा आहे. या अध्यायाच्या आगेमागेच पुस्तकातली सगळ्यात आश्वासक वचनं आहेत, नव्या कराराचंही त्यांतच. ती मला खरी वाटतात ती या चांदीमुळे. शहर पडणार असं ४० वर्षं सांगणाऱ्यानेच ती मोजली.

पुढचं थोडक्यात. तट फुटला. सिद्कीया राजाच्या बागेजवळच्या वाटेने पळाला, यरीहोच्या मैदानात सापडला. त्याच्या डोळ्यांदेखत मुलांना मारलं आणि मग त्याचे डोळे काढले. मंदिर जळलं. बाबेलच्या सेनानीने मागे उरलेल्या, ज्यांच्यापाशी काहीच नव्हतं अशा गरिबांना द्राक्षमळे आणि शेतं वाटून दिली. गुलामांचा अध्याय वाचलेल्याच्या हे लक्षात राहतं. यिर्मयाला त्याने विचारलं, बाबेलला येतोस? तिथे तुझी नीट व्यवस्था लावतो. तो राहिला. पण उरलेल्या लोकांनी थोड्याच दिवसांत भीतीपोटी त्याला मिसरला ओढून नेलं. ते शेत त्याने कधी कसलं नाही.

पुढे इराणचा राजा कोरेश याच्या काळात बाबेलहून लोक परत निघाले. एज्राच्या पुस्तकात त्यांची गाववार यादी आहे, वाचायला कंटाळवाणी. तिच्यात एक ओळ अनाथोथच्या पुरुषांची आहे. १२८.