चिरुटाची पेटी आणि पावसाळी हवा

मृगाच्या सरी सुरू झाल्या की गोव्याच्या घरोघरी मिठाच्या बरणीला पाणी सुटते, पापड लुळे पडतात, आणि कपाटातील कातडी जोड्यांवर पांढरट बुरशी चढते. त्याच्या महिनाभर आधी ग्वाल्हेरकडील घरांत नेमका उलटा प्रकार चाललेला असतो. तेथे वैशाखाच्या झळांनी दारांच्या फळ्या आकसतात आणि जुन्या पुस्तकांच्या बांधणीला तडे जातात. हवेतील ओलाव्याचे हे खेळ गृहिणीला चांगले ठाऊक असतात व त्यांवरील तिचे उपायही ठरलेले असतात. परंतु त्याच घरात परदेशाहून आलेल्या आप्ताने भेट दिलेली चिरुटांची पेटी असली, तर तिची व्यवस्था मात्र बहुधा दैवावर सोडलेली आढळते.

ज्या घरात चिरूट रोज ओढला जातो, तेथे साठवणीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. प्रश्न येतो तो जेथे पेटी सणासुदीला, लग्नकार्याला किंवा पाहुण्यासाठीच उघडते अशा घरी. नाताळात आलेली पेटी पुढच्या नाताळापर्यंत पुरवावयाची असते. आणि मध्ये एक संपूर्ण उन्हाळा व एक संपूर्ण पावसाळा आ वासून उभा असतो.

चिरूट हा वरून एक दिसला तरी तो तीन प्रकारच्या पानांचा मिळून झालेला असतो. आत चुरडलेल्या किंवा लांब पानांचा गाभा, त्याभोवती त्याला आकार देणारे बांधणीचे पान, आणि सर्वांवर रेशमासारखे तलम असे वेष्टनाचे पान. हवानाचा असो की आपल्याकडील तिरुचिरापल्ली-दिंडीगलचा असो, हाताने वळलेल्या चिरुटाची घडण हीच. ही तिन्ही पाने ओलावा शोषतात व सोडतात, पण सारख्या वेगाने नव्हे. वेष्टन तलम आणि उघडे असल्यामुळे ते लवकर सुकते. गाभा मागाहून सुकतो आणि मागाहून भिजतो. चिरुटाच्या बहुतेक व्याधींचे मूळ ह्या असमान गतीत आहे.

तंबाखूचे हे ओलाव्याशी असलेले नाते आपल्या मुलखाला नवे नाही. पोर्तुगीजांबरोबर ही वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर आली. आणि अकबराचा वकील असद बेग ह्याने १६०४च्या सुमारास विजापुराहून परतताना ती मोगल दरबारात नेली, ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेविली आहे. आज बेळगाव जिल्ह्यातील निपाणी आणि वडोदऱ्याजवळील चरोतर ही तंबाखूची नामांकित ठाणी होत. तेथील शेतकऱ्याला वाळलेले पान भर दुपारी हाताळले तर त्याचा चुरा होतो हे सांगावे लागत नाही. तो पहाटे, दंवाने पान मऊ झालेले असताना, त्याची उलथापालथ व रचाई करतो. पण तेच पान ओले राहून ढिगात गेले तर कुजते, हेही तो जाणतो. घरातील पेटीची निगा म्हणजे ह्याच शेतकऱ्याच्या ज्ञानाची लहान आवृत्ती आहे.

येथे सापेक्ष आर्द्रता ह्या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. ठरावीक उष्णतेच्या हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावू शकते, तिच्या शेकडा किती वाफ प्रत्यक्षात आहे, ते प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. एक घनमीटर हवेत २० अंश सेल्सिअसला सुमारे १७ ग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. म्हणजे ३० अंशांच्या खोलीत आर्द्रता ७० टक्के असेल, तर हवेत २१ ग्रॅम वाफ असते. तीच हवा २० अंशांपर्यंत निवाली, तर त्यातील सुमारे ४ ग्रॅम वाफेला जागा उरत नाही व तिचे दंव होते. वातानुकूलित खोलीतून पेटी पडवीत आणि पडवीतून परत खोलीत नेणे अपायकारक का, ह्याचे उत्तर ह्या हिशेबात आहे.

चिरुटाला मानवणारी आर्द्रता साधारणपणे ६५ ते ७० टक्के मानतात, आणि उष्णता १८ ते २१ अंश सेल्सिअस. ह्याहून हवा कोरडी झाली की वेष्टन ठिसूळ होऊन चिरते, सुगंधी तेले उडून जातात, आणि चिरूट भरभर व तिखट जळतो. ह्याहून ओली झाली की गाभा फुगतो, ओढ बंद होते, चिरूट मध्येच विझतो. आणि ओलावा ऐंशीच्या घरात रेंगाळला तर बुरशी धरते. आपल्या घरांत २१ अंश उष्णता क्वचितच लाभते. म्हणून उष्ण प्रदेशात आर्द्रता थोडी खालच्या बाजूस, ६२ ते ६५ टक्क्यांच्या आसपास ठेवणे शहाणपणाचे ठरते.

ह्या विषयावरील पुष्कळशा सूचना थंड देशांतील हवेसाठी लिहिलेल्या असतात. तेथे हिवाळ्यात खोल्या तापविल्या जातात, घरातील हवा अतिशय कोरडी होते, आणि म्हणून पेटीला पाणी कसे पाजावे ह्याचेच विवेचन त्यांत प्रामुख्याने असते. ते वाचून गोव्यातील एखादा हौशी गृहस्थ आषाढात पेटीतील स्पंज निष्ठेने भिजवितो. बाहेरची हवा आधीच ऐंशीच्या वर गेलेली असते. त्यात ह्या पाण्याची भर पडते, आणि श्रावण सरण्यापूर्वी पेटीवर हिरवट लव उगवते. उलट ग्वाल्हेरला मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. तेथे पाणी दिल्यावाचून गत्यंतर नाही. इंदूर, हैदराबाद व वडोदरा येथे तर एकाच वर्षात दोन्ही परी अनुभवास येतात: उन्हाळ्यात द्यावयाचे आणि पावसाळ्यात काढून घ्यावयाचे. तात्पर्य, आर्द्रतेचे नियमन म्हणजे ओलावा देणे नव्हे. ओलावा स्थिर राखणे होय.

स्थिरता साधण्याचे पहिले साधन म्हणजे घट्ट झाकणाची पेटी. ह्युमिडॉर नावाच्या खास पेट्यांना आतून बहुधा ‘स्पॅनिश सीडर’ ह्या लाकडाचे अस्तर असते. हे लाकूड ना स्पेनचे, ना देवदाराच्या कुळातले. ते मध्य व दक्षिण अमेरिकेतील असून महोगनी आणि आपला कडुनिंब ह्यांच्या कुळात मोडते. आपल्याकडील तुनाचे झाडही त्याचेच जवळचे आप्त. हे लाकूड ओलावा शोषून व सोडून हवेतील चढउतार सौम्य करते. मात्र नवी पेटी स्वतःच तहानलेली असते. तिच्यात आधी पाण्याची लहान वाटी ठेवून आठ-पंधरा दिवस ती बंद ठेवावी, मगच चिरूट आत ठेवावेत. नाही तर लाकूड चिरुटांतीलच ओलावा पिऊन टाकते. पेटी ओल्या फडक्याने पुसू नये, कारण त्याने लाकूड वेडेवाकडे होते.

परंतु खरे सांगावयाचे तर, पावसाळी प्रदेशात शोभिवंत लाकडी पेटीपेक्षा रबरी कडी असलेली काचेची बरणी किंवा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा अधिक विश्वासू ठरतो. लाकडी पेटीच्या फटीतून बाहेरची हवा येतच राहते. डब्यात स्पॅनिश सीडरची एखादी पातळ पट्टी ठेवली की दोहोंचेही गुण साधतात. डबा मात्र वरचेवर उघडू नये, आणि कोसळत्या पावसात तर मुळीच उघडू नये.

दुसरे साधन आर्द्रतामापक. जिनिव्हाच्या सोस्यूर ह्या शास्त्रज्ञाने १७८३ साली आर्द्रतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि माणसाच्या केसाच्या लांबीतील फरकावरून ओलावा मोजून दाखविला. आज अंक दाखविणारी लहान यंत्रे थोडक्या किमतीत मिळतात. पण त्यांपैकी पुष्कळ चार-पाच टक्के चुकतात. त्यांची परीक्षा घेण्यास स्वयंपाकघरातील मीठच पुरे. बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ घ्यावे, त्यात काही थेंब पाणी घालून ओलसर रबडी करावी. मीठ विरघळू देऊ नये. हे टोपण व यंत्र एका बंद बरणीत एक दिवस ठेवावे. अशा ओल्या मिठाभोवतीची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, मग खोली २० अंशांची असो की ३० अंशांची. यंत्राने ७१ दाखविले, तर ते चार अंकांनी मागे आहे असे समजून तेवढी दुरुस्ती लक्षात ठेवावी. शुद्ध मिठाला पाणी सुटू लागते तेही हवेने हीच ७५ची मर्यादा ओलांडल्यावर. बरणीतील मीठ पाझरू लागले की उघड्या पेटीतील चिरुटांचे दिवस भरले, असे खुशाल मानावे.

तिसरे साधन म्हणजे प्रत्यक्ष नियमनाची वस्तू. बाजारात ६२, ६५, ६९ असे आकडे छापलेल्या लहान पुड्या मिळतात. त्यांत क्षारांचे संपृक्त द्रावण असते आणि त्यांचे आवरण वाफेला जाऊ देते, पाण्याला नाही. हवा कोरडी झाली की पुडी ओलावा देते, ओली झाली की घेते. ती कडक झाली की बदलावी. पावसाळ्यात डबा घट्ट नसेल तर पुडी फुगत जाऊन निकामी होते. स्पंज वापरावयाचाच असेल तर तो उन्हाळ्यात, आणि डिस्टिल्ड पाण्यानेच भिजवावा. नळाच्या पाण्यातील क्षारांनी तो बुजतो. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी अतिओल्या डब्यास काही तासांपुरती उपयोगी पडते; मापक ६५वर येताच ती काढून घ्यावी, नाही तर ती चिरूट सुकवून टाकते. बटाट्याची फोड किंवा सफरचंदाची साल ठेवण्याची जुनी युक्ती मात्र सोडून द्यावी. तिच्याबरोबर बुरशी आणि परका वासही पेटीत येतो.

आता एका शत्रूचा उल्लेख करावयास हवा. हळकुंडे, सुंठ व मिरच्या पोखरणारा जो लहानसा तांबूस भुंगेरा स्वयंपाकघरात दिसतो, तोच तंबाखूचाही भुंगेरा होय. त्याची अंडी पानातूनच येऊ शकतात आणि उबेत फुटतात. चिरुटावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली तर तो आत शिरला असे समजावे. आणि तेथून तो मसाल्याच्या डब्यांपर्यंतही पोहोचू शकतो. म्हणून नवे चिरूट दोन पिशव्यांत हवाबंद करून एक दिवस शीतकपाटात, तीन दिवस त्याच्या बर्फाच्या कप्प्यात, पुन्हा एक दिवस शीतकपाटात ठेवावेत, आणि खोलीच्या उष्णतेस आल्यावरच पिशवी उघडावी. रोजच्या साठवणीस मात्र शीतकपाट योग्य नव्हे. तेथील कोरडी हवा व अन्नाचे वास दोन्ही चिरुटास बाधतात.

सुकलेला चिरूट पुष्कळदा सुधारता येतो, पण घाईने नव्हे. त्याला एकदम ओल्या हवेत ठेवले तर गाभा फुगून कोरडे वेष्टन फाटते. म्हणून आधी ६२च्या पुडीबरोबर काही आठवडे आणि मग ६५च्या, असे हळूहळू चढवावे. उडून गेलेला सुगंध मात्र परत येत नाही. बुरशी आत शिरलेला चिरूट सुधारण्याच्या पलीकडे असतो. पांढरी भुकटी ही मुरलेल्या चिरुटाची खूण होय अशी एक समजूत आहे. परंतु लव असेल, हिरवट-निळसर झाक असेल किंवा कुबट वास येत असेल, तर तो चिरूट टाकून द्यावा आणि बाकीचे वेगळ्या डब्यात काढावेत.

तंबाखूचा धूर शरीरास अपायकारक आहे, आणि पेटी कितीही काळजीने राखली तरी त्या अपायात रतिभरही उणेपणा येत नाही, हे सांगणे ह्या विषयाचाच भाग आहे. पेटी मुलांच्या हाताबाहेर असावी, हेही त्याबरोबरच आले. परंतु जी वस्तू घरात आहे, जिच्यामागे शेतकऱ्याचा एक हंगाम आणि कारागिराचे हात आहेत, ती बेफिकिरीने कुजू देण्यात काही पुण्य नाही. एक घट्ट डबा, एक पारखलेला मापक आणि आपल्या गावच्या ऋतूचे भान, एवढ्या तीन गोष्टी असल्या म्हणजे पुरे. यंत्राचा आकडा पाहिल्यावाचून पेटीत पाण्याचा थेंबही घालू नये.