योगवर्गात सगळ्यांना एकच माप नको

मी बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक आहे, त्यामुळे माझा आवाज ऐकला की पुष्कळ जणींना हप्ता आठवतो. आज हप्त्याचं काही नाही. आज गटातल्या योगवर्गाबद्दल बोलायचंय.

२०१५ पासून २१ जूनला योग दिन होतो. शाळेच्या मैदानावर सतरंजी पडते, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याची कामं सुरू. पण काही गावांत बायकांनी तो धागा सोडला नाही. समाजमंदिरात, कुणाच्या ओसरीवर, सकाळी किंवा संध्याकाळी पंधरा-वीस जणी जमायला लागल्या. शिकवणारी बहुधा गटातलीच एखादी. कुणी कोर्स केलेली, कुणी शाळेत शिकलेली, कुणी टीव्हीवर बघून शिकलेली. अशाच एकीनं मला विचारलं, "ताई, आसनं मला येतात. पण समोर पंधरा जणी बसतात त्या पंधरा तऱ्हेच्या. एकीला बीपी, एकीला दिवस गेलेले, एकीची पिशवी काढलेली. सगळ्यांना एकच सांगू का?"

तिचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. एकच सांगायचं नाही, हे तिचं तिलाच कळलं होतं. मग काय सांगायचं, ते मी आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंना, डॉक्टरांना आणि जाणत्या योगशिक्षिकांना विचारत गेले. त्यातलं आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी आपल्या अंगाकडे बघू. शहरातली बाई दिवसभर खुर्चीत बसते, म्हणून तिला वाकायला शिकवतात. आपण काय करतो? खुरपणी वाकून, कांदालागण वाकून, धार काढायची ती उकिडवं बसून, झाडलोट वाकून, धुणं वाकून. वर डोक्यावर वैरणीचा भारा. अशा बाईला वर्गात आल्या आल्या "गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरा" म्हणायचं म्हणजे दुखत्या पाठीवर आणखी एक भारा देणं. ज्यांची कंबर धरते, पायात कळ उतरते, मुंग्या येतात, त्यांना तर पुढं वाकायचं आसन देऊच नका, आधी डॉक्टरांकडे पाठवा. बाकीच्यांनाही सुरुवात उलटी द्या. भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहणं, हात वर ताणणं, खांदे मागं नेणं. पालथं झोपून छाती थोडीशीच उचलायची, बेंबी जमिनीला राहील इतपतच. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर हळू उचलायची. पाठ सरळ करायला मिळाली की बाई स्वतःच म्हणते, "बरं वाटलं गं." आणि मान गरगर फिरवायला लावू नका. भारे वाहिलेली मान असते ती. उजवीकडे, डावीकडे, हळू, एवढं बास.

आता आधाराचं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार गुरुजी होते. १९१८ सालचा जन्म, लहानपण सगळं आजारपणात गेलेलं. मलेरिया, विषमज्वर, क्षय, सगळं भोगलेलं अंग. १९३७ साली ते पुण्यात शिकवायला आले आणि २०१४ साली पुण्यातच गेले. १९७५ साली त्यांनी पुण्यात पत्नी रमामणी यांच्या नावानं योगसंस्था सुरू केली. त्यांच्या पद्धतीत दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, लोड असं सगळं वापरतात. ज्याचा हात पायापर्यंत पोचत नाही त्याला ओढायचं नाही, हाताखाली ठोकळा द्यायचा. ज्याला खाली बसवत नाही त्याला खुर्चीवर बसवून आसन द्यायचं. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी बायकांसाठी वेगळा विचार केला. पाळी, गरोदरपण, बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ, यात काय करावं आणि काय टाळावं, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. लोणावळ्याला तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते क्ष-किरण यंत्र लावून, दाब मोजून तपासलं. म्हणजे तपासून, माणूस बघून शिकवणं हीच आपल्या भागातली जुनी रीत आहे.

ती साधनं विकत आणायची गरज नाही. ठोकळ्याऐवजी गोधडीची घट्ट घडी. पट्ट्याऐवजी जुनी ओढणी. लोडाऐवजी दोन उशा. प्लास्टिकची खुर्ची मात्र भिंतीला टेकवूनच ठेवा, नाहीतर फरशीवर सरकते. मला वाटतं, पहिल्या दिवशीच चार खुर्च्या मांडून ठेवाव्यात आणि कुणी मागायच्या आधी शिकवणारीनं स्वतः एकीवर बसून दाखवावं. मग खुर्चीवर बसायची लाज राहत नाही. आमच्या एका गटात एक आजी आहेत. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, त्या वाटेनं त्या दरवर्षी पंढरपूरपर्यंत चालतात. पण वज्रासनात बसता येत नाही, गुडघा दुमडतच नाही. चालणारीला बसता येईलच असं नाही, आणि तरणीताठी दिसणारी धडधाकट असेलच असंही नाही.

म्हणून पहिली गोष्ट विचारणं. आणि ते चारचौघींत नाही. "कुणाला काही त्रास आहे का?" असं मोठ्यानं विचारलं की सगळ्या माना हलवतात, नाही म्हणून. अंग बाहेर येतंय, खोकलं की लघवी होते, नुकतीच पिशवी साफ केली, हे कोण सांगेल सासूशेजारी बसून? एकेकीला बाजूला घ्या. दोन मिनिटं पुरतात. कुठल्या गोळ्या चालू आहेत? ऑपरेशन कुठलं, कधी झालं? दिवस गेलेत का, किंवा पाळी चुकली आहे का? चक्कर येते का? छातीत दुखतं का? डोळ्याचं काही? लिहून ठेवायचं तर शिकवणारीच्या स्वतःच्या वहीत, आणि वही कपाटात. गटाच्या इतिवृत्तात हे लिहू नका, तिथं सचिव वाचते, अध्यक्ष वाचते, आणि मग गाव वाचतं. एकदा अशी गोष्ट फुटली की ती बाई परत येत नाही, आणि दुसरी कधी खरं सांगत नाही. नवी सून असेल तर तिच्या पाळीचं सासूच्या तोंडून विचारू नका.

तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात, फुकट तपासतात. वर्ग सुरू करण्याआधी आशाताईंना सांगून एक दिवस ठरवा. रक्तही तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात. अशी बाई झटकन उठली की डोळ्यापुढं अंधारी येते. तिला उठवताना आधी कुशीवर, मग बसतं, मग उभं, असं उठवा. खरं तर सगळ्यांनाच तसं उठवा.

बीपीचं जरा सविस्तर सांगते. १४०/९० किंवा त्याच्या वर राहत असेल तर ते जास्त. अशा बाईला डोकं खाली आणि पाय वर असं काही नको. सर्वांगासन नाही, हलासन नाही. श्वास कोंडून धरणं नाही. जोरजोरात कपालभाती, भस्त्रिका नाही. एका गावात बाहेरून आलेल्या एका शिक्षकांनी माईकवरून सगळ्यांना दोनशे कपालभाती करायला लावल्या, मोजून. मोजणं चालू असताना थांबायचं कसं, म्हणून बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या एका काकूंनीही केल्या. डोकं गच्च झालं, ओकारी आली, भिंत धरून खाली बसल्या. दवाखान्यात नेलं, निभावलं. त्या काकूंना आधी कुणी काही विचारलंच नव्हतं. मला त्या आकड्याचाच राग येतो. श्वास हा काय ऊस आहे, टनावर मोजायला?

साखरेच्या बायकांची गोष्ट निराळी. आपण सगळ्यांना सांगतो, योग रिकाम्या पोटी. जेवणानंतर तीन-चार तास हे बरोबरच. पण जी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी येते, तिची साखर वर्गातच खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात कापतात, जीव घाबरा होतो, बोलणं बदलतं. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटं थांबा, बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या आणि मग काहीतरी खायला. बेशुद्ध झाली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. साखरेचा डबा वर्गात कायम ठेवा. गोळीची आणि खाण्याची वेळ तिनं डॉक्टरांना विचारून बसवावी. शिवाय तिचे पाय बघा. पायाला बधिरपणा असला तर खडा टोचलेला कळत नाही. ओबडधोबड जागेत तिला अनवाणी उभी करू नका.

गरोदर बाईला डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय वर्गात घेऊ नका. घेतलं तरी पोटावर झोपणं, पोट पिळणं, कपालभाती, उड्या काही नाही. पाचव्या महिन्यानंतर पाठीवर फार वेळ उताणं नको, डाव्या कुशीवर झोपवा. भिंत धरून उभं राहणं, मांडी मोकळी करणं, शांत श्वास, एवढ्यात पुष्कळ झालं. अंगावरून जाणं, पाणी जाणं, पोटात कळा, खूप डोकं दुखून डोळ्यापुढं धूसर होणं, यातलं काही झालं की वर्ग तिथंच थांबवा आणि दवाखाना गाठा. सिझरिंग झालेली, टाके असलेली, हिच्या पोटावर निदान तीन महिने ताण नको, आणि तेही डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच.

कारखान्यांची धुराडी पेटली की माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरकडं टोळ्या येतात. त्या बायकांपैकी अनेकींची पिशवी तिशी-पस्तिशीतच काढलेली असते. बीडकडच्या या ऑपरेशनांचा विषय २०१९ साली फार गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. आपल्याही गावांत अशा कमी नाहीत, फक्त बोलत नाहीत. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तर पाळी जायचा काळ लवकर येतो आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. कागद असेल तर तो बघायला सांगा. ठिसूळ हाडांच्या बाईला पाठ गोल करून खाली वाकणं आणि झटका देऊन पिळणं धोक्याचं, मणकाच दबतो. तिला उभ्यानं, आधारानं तोल सांभाळायची आसनं द्या.

अंग बाहेर येतं तिला पोटावर जोर पडेल असं काहीच नको. उकिडवं बसून जोर नको, कपालभाती नको. पाठीवर झोपवा, गुडघे दुमडलेले, कमरेखाली उशी. लघवी रोखताना आपण जे स्नायू आत ओढतो, ते ओढायचे, पाच मोजायचे, सोडायचे. श्वास चालू ठेवायचा. पण लघवी करता करता हा व्यायाम करायचा नाही. हे बायकांमध्ये बायकांनीच शिकवायचं काम आहे, आणि सगळ्यांनाच शिकवलं तर कुणा एकीकडं बोट जात नाही. डॉक्टरांना दाखवायचं ते दाखवायचंच.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालेलं किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली नको. पाळीत दुखत असेल तर झोपू द्या, दुखत नसेल तर हलकं करू द्या. पण "चार दिवस बाहेर बस" असलं आपल्या वर्गात नको.

आणि शिकवणाऱ्या मैत्रिणीला एक कडक सांगणं आहे. "योगानं बीपी जातं, गोळी सोड" असं तोंडातून निघता कामा नये. गोळी डॉक्टरांनी दिली, कमी करतील तर तेच. तसंच कुणाच्या पाठीवर हात ठेवून दाबू नका, गुडघा खाली रेटू नका. हात लावायचा तर विचारून.

परवा सणसरकडच्या एका काकूंनी विचारलं, "मला काहीच होत नाही, नुसती येऊन बसले तर चालेल का?" चालेल काकू. खुर्ची भिंतीला लावून ठेवतील. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, पाठ सरळ, हात मांडीवर. श्वास सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावा. मग टाच वर, चवडा वर, दहा वेळा. उद्या तेवढंच करा, आणि येताना गोळ्यांची पाकिटं घेऊन या. नमस्कार.