स्पर्धा भरविणाऱ्यांचा शीण



अध्यक्षपद स्वीकारताना स्वतःच्या अपात्रतेचा सविस्तर उच्चार करण्याचा जो शिरस्ता आपल्या परिषदांतून पडून गेला आहे, तो मी आज मोडणार आहे. कारण ज्या विषयावर बोलण्यासाठी आपण मला उभे केले आहे, त्याची पात्रता मजजवळ पुरेपूर आहे. तो विषय म्हणजे थकवा. टारगेटचे कागद वाचण्यात, डिटेलच्या, म्हणजे एका वेळी नेम धरणाऱ्या नेमबाजांच्या तुकड्यांच्या, याद्या लावण्यात आणि पालकांच्या हरकती ऐकण्यात ज्याचे रविवार खर्ची पडले, त्याने या बाबतीत विनय दाखविला तर तो निव्वळ ढोंगीपणा होईल.

ही परिषद इचोड्याला भरली यात योजकांच्या दूरदृष्टीपेक्षा त्यांच्या निरुपायाचा वाटा अधिक असावा. येथून हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटरांवर आणि नागपूर सव्वादोनशेवर, त्यामुळे सोयीची रेंज कोणालाच नाही आणि गैरसोय सर्वांना सारखी, एवढा न्याय तरी येथे मिळतो. १९५६ पूर्वी किनवट तालुका येथल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्याकडे गेले, आपण इकडचे आंध्र प्रदेशात आलो आणि २०१४ मध्ये तेलंगणाचे झालो. कापूस, सोयरीक आणि भाषा यांनी मात्र ती सरहद्द फारशी मनावर घेतली नाही. दफ्तरांनी ती घेतली. किनवटच्या मुलाने महाराष्ट्राच्या संघटनेकडे रुजू व्हावे, इचोड्याच्या मुलीने तेलंगणाच्या. आणि या दोघांची एक साधी मैत्रीची स्पर्धा भरवावयाची म्हटली की दोन्हीकडचे अर्ज, दाखले, वयाचे पुरावे आणि पोलीस ठाण्याला द्यावयाची सूचना हे सारे एकाच माणसाच्या पिशवीत जमा होते. कायदा एअर रायफलीला सवलत देतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या व्यासाच्या आणि २० जूलहून कमी शक्तीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. परंतु २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला गोंड बांधवांवर झालेला पोलिसांचा गोळीबार ज्या मुलखाच्या स्मरणात अजून जिवंत आहे, त्या मुलखात बंदूक या वस्तूला लोकांच्या मनात कसलीही सवलत नसते, आणि ती असावी असे मलाही वाटत नाही. म्हणून स्पर्धेच्या आधी घरोघरी जाऊन समजूत घालण्याचे काम येथे येते. ते कोणत्याही नियमपुस्तकात नाही आणि तेही त्याच पिशवीवाल्याकडे येते.

आता प्रत्यक्ष स्पर्धेचा दिवस. दहा मीटरच्या एअर रायफलीचे टारगेट म्हणजे ८० मिलिमीटरांचा चौरस कागद, आणि त्यावरील दहा गुणांची खूण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका. मोठ्या रेंजवर विजेवर चालणारी लक्ष्ये स्वतःच गुण सांगतात; आपल्याकडे कागद आहे, शाईचा शिक्का आहे आणि डोळा आहे. चाळीस नेमबाज आले आणि प्रत्येकाने साठ फैरी झाडल्या की संध्याकाळपर्यंत दोन हजार चारशे छिद्रे एकेक करून वाचावी लागतात, आणि जेथे छिद्राची कड वर्तुळाच्या रेषेला लागली की नाही असा संशय येतो तेथे गेज घालून, भिंग लावून, दोघांच्या साक्षीने निवाडा करावा लागतो. त्यापूर्वी कागदांवर क्रमांक घातलेले असतात, दोऱ्या बांधलेल्या असतात, मंडप, पाणी, शौचालय आणि नाष्टा यांची तजवीज झालेली असते. त्यानंतर शिशाचे छर्रे गोळा करावयाचे असतात, आणि तेही कोरड्या झाडूने धूळ उडवीत नव्हे तर पाणी शिंपडून, कारण शिसे छातीत गेलेले चांगले नाही.

या सर्व कामांत रेंज ऑफिसरचे काम मला सर्वांत विलक्षण वाटते. क्रिकेटचा पंच डाव पाहतो, कुस्तीचा पंच डावाच्या अगदी अंगावर असतो. रेंज ऑफिसर मात्र टारगेटाकडे पाहूच शकत नाही. त्याची दृष्टी बंदुकांच्या तोंडांवर खिळलेली. कोणाच्या नळीत सुरक्षेची दोरी घातलेली नाही, कोणाचे बोट वेळेआधी चापावर गेले, कोणते पोर मित्राकडे वळून बोलताना नळीसह वळले, हे पाहता पाहता त्याची सकाळ जाते. कागदाच्या टारगेटांवर साठ फैरींना दीड तासाची मुदत आणि त्याआधी तयारीची पंधरा मिनिटे. अशा तीन-चार डिटेल एकामागून एक झाल्या की ज्या माणसाने पापणी लवू द्यावयाची नाही त्याची ती लवू लागते. कंटाळलेला हिशेबनीस आकडा चुकवील. थकलेला रेंज ऑफिसर काय चुकवील याचा उच्चार मी या व्यासपीठावर करू इच्छीत नाही. आपल्या खेळात थकव्याचा प्रश्न केवळ कार्यकर्त्याच्या सुखदुःखाचा राहत नाही, तो याच ठिकाणी.

आणि काम वाढतच आहे. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी स्त्रियांच्या एअर रायफल आणि एअर पिस्तूल स्पर्धांतील चाळीस फैरींच्या साठ केल्या. समतेच्या दृष्टीने हे फार पूर्वीच व्हावयास हवे होते, आणि याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ज्या बैठकीत निर्णय झाला त्यात टारगेट वाचणाराला कोणी विचारले नव्हते, आणि मुलींच्या गटापुरते त्याचे काम एका लेखणीच्या फटकाऱ्यासरशी दीडपट झाले. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकले, आणि ज्यांनी आयुष्यात बंदूक पाहिली नव्हती असे पालक मुलांचा हात धरून विचारू लागले की याला कोठे घालावयाचे. नेमबाज वाढले, पालक वाढले, मोबाईलवर चित्रण करणारे वाढले. टारगेट वाचणारे होते तेवढेच राहिले, किंबहुना एक-दोघे घटले.

हा शीण पाश्चात्त्य मानसशास्त्राने प्रथम कोठे ओळखला हे पाहण्यासारखे आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हा न्यूयॉर्कचा मानसशास्त्रज्ञ दिवसा आपला व्यवसाय करी आणि रात्री गरिबांसाठी चालविलेल्या मोफत दवाखान्यात राबे. तेथील स्वयंसेवक सुमारे वर्षभराने चिडखोर, तुसडे आणि निस्तेज होत जाताना त्याने पाहिले, स्वतःतही तेच पाहिले, आणि १९७४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्याचे निरीक्षण असे, की या अवस्थेला बळी पडतात ते कामचुकार नव्हेत, तर समर्पित आणि तळमळीचे. म्हणजे या व्याधीचा पहिला रुग्ण पगारी नोकर नव्हता. आपल्यासारखाच, रात्री हौसेने काम करणारा बिनपगारी माणूस होता. गंमत अशी की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जेव्हा या शिणाची अधिकृत व्याख्या केली, तेव्हा ती केवळ नोकरी-व्यवसायापुरती मर्यादित ठेवली. ज्याच्यापासून शोध लागला तो स्वयंसेवक व्याख्येच्या बाहेर राहिला. सभासमारंभांतून आभार मानताना त्याचे नाव राहून जाते, त्याच धर्तीचे हे झाले.

आपण मराठी माणसे या प्रकरणात अधिक अपराधी आहोत असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण आपला त्यागाचा षोक. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले, ही कथा आपण सर्वांनी सांगितली आहे आणि सांगताना आपला गळा दाटून आला आहे. खर्डेकरांचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु त्या गहाणखताचा आपण आदर्श केला, आणि ज्या व्यवस्थेमुळे एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागले तिच्याविषयी फारशी चौकशी केली नाही. त्यागाची कथा जितकी उज्ज्वल, तितका पुढच्या कार्यकर्त्याला नाही म्हणण्याचा संकोच अधिक. वर्षानुवर्षे एकच गृहस्थ स्पर्धा भरवितो, आपण त्याला शाल देतो, श्रीफळ देतो, ‘यांच्याशिवाय हे होणेच नाही’ असे भाषणात म्हणतो. आणि हे वाक्य म्हणजे सत्कार नसून जन्मठेपेचा हुकूम आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. मग एक दिवस तो गृहस्थ फोन उचलीत नाही. आपण म्हणतो, माणूस बदलला.

भारतातील नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, आणि तिचे संस्थापक अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळणकर: लोकसभेचे पहिले सभापती, बडोद्याला जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले मराठी गृहस्थ. सत्याग्रहाच्या शिष्याने रायफलींची संघटना उभारावी याचे कोणास नवल वाटेल. मला त्यांच्याविषयी आकर्षण वाटते ते वेगळ्या कारणाने. सभापती हा असा पदाधिकारी, की ज्याने बोलावयाचे थोडे आणि इतरांना त्यांच्या क्रमाने बोलू द्यावयाचे फार. ज्यांच्या नावाची स्पर्धा आपली मुले राष्ट्रीय स्पर्धेची पायरी म्हणून खेळतात, त्या मावळणकरांचा हा क्रमाचा संस्कार आपल्या स्थानिक मंडळांत उतरला असता तर आज या भाषणाची गरज पडली नसती.

क्रम म्हणजे काय, हे पाहण्यास दिल्लीला जाण्याचे कारण नाही. येथून जवळच केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातील माणसे पायी जाऊन जन्नारमकडच्या गोदावरीतून पाणी आणतात. कातोडा म्हणजे पुजारी पूजा करतो, प्रधान म्हणजे भाट कुळाची गाथा गातो, आणि देवळाच्या परिसरात कितीही कुटुंबे उतरली तरी चुली बावीसच, त्यांवर स्वयंपाक पाळीने होतो. जत्रेचा व्याप आपल्या स्पर्धेच्या कित्येक पट. तरी तेथे ‘मी एकटा किती करू’ असे म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही, कारण तेथे कोणी एकटा नसतोच. ज्याचे जे काम ते आधीपासून ठरलेले, आणि दुसऱ्याची पाळी आली की चूल सोडावयाची हेही ठरलेले. आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत देवळातील पूजा आणि पाटीलकी यांच्याही भाऊबंदांत पाळ्या असत. त्या व्यवस्थेत जातीचा जो अन्याय होता तो मी क्षणभरही विसरत नाही आणि तिचे पुनरुज्जीवन मागत नाही. परंतु चिरकाल टिकावयाचे काम एका खांद्यावर ठेवू नये, एवढे शहाणपण तिच्यापाशी होते.

बंदुकीच्या जगातही हे अपरिचित नाही. ब्रिटनच्या रायफल संघटनेच्या स्पर्धा १८६० मध्ये विम्बल्डनला सुरू झाल्या आणि १८९० पासून बिस्लीला भरतात. लांब पल्ल्याच्या अशा रायफल स्पर्धांत अनेक देशांतून रीत अशी, की नेमबाजांचा एक गट गोळ्या झाडीत असता दुसरा गट बटाच्या, म्हणजे टारगेटांपाशी असलेल्या मातीच्या बांधाच्या, आडोशाला खंदकात बसून टारगेट खाली ओढतो, छिद्र दाखवितो, चिकटपट्टी लावतो आणि टारगेट पुन्हा वर चढवितो; मग गट बदलतात. आपल्या पोलिसांच्या चांदमारीतही बट सांभाळणारी तुकडी लागतेच. म्हणजे ज्याने टारगेट फोडले त्याने दुसऱ्याचे टारगेट चिकटवावयाचे, हा खेळाचाच भाग मानला गेला. ती कोणावर केलेली मेहेरबानी मानली गेली नाही. आपण मात्र खेळणाऱ्याला पाहुणा केले आणि भरविणाऱ्याला घरगडी.

म्हणून या परिषदेपुढे मी तीन सूचना ठेवतो, आणि त्या ठरावाच्या भाषेत न ठेवता व्यवहाराच्या भाषेत ठेवतो. कोणत्याही स्थानिक स्पर्धेचा मुख्य संयोजक दोन वर्षांपलीकडे त्या पदावर राहू नये. त्याला राहावयाचे असले तरी राहू देऊ नये, आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या शेजारी त्याचा उत्तराधिकारी बसलेला असावा. रेंज ऑफिसरने एका दिवसात दोन डिटेलींपेक्षा अधिक काळ उभे राहू नये. तिसरीसाठी माणूस नसेल तर तिसरी डिटेल होऊ नये, मग पाहुणे कितीही दुरून आलेले असोत. याला विरोध होईल हे मला ठाऊक आहे. आणि तिसरे, प्रवेशपत्रावर जन्मतारखेच्या खाली एक ओळ छापावी: आपण कोणत्या वेळी कोणते काम करणार. सोळा वर्षांवरील प्रत्येक नेमबाजाने आणि लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या पालकाने ती ओळ भरल्याखेरीज लेन देऊ नये. गेज धरावयास शिकविणे अर्ध्या तासाचे काम आहे. आणि ज्याने एकदा दुसऱ्याचे संशयास्पद छिद्र भिंगाखाली वाचले, तो पुढच्या खेपेस हरकत घेताना आवाज जरा खाली ठेवतो, असा माझा अनुभव आहे.

फेब्रुवारीतील स्पर्धेचा तक्ता बाहेर मंडपात खांबाला लावलेला आहे. त्यात सकाळच्या टारगेट-वाचनाच्या सहा जागा आणि छर्रे गोळा करण्याच्या चार जागा रिकाम्या आहेत. भोजनापूर्वी त्या भरावयाच्या आहेत. पहिल्या दोन रांगांतील पदाधिकाऱ्यांनी आरंभ करावा, आणि ज्यांची नावे त्या तक्त्यात गेल्या पाच वर्षांपासून आहेत त्यांनी कृपा करून तिकडे फिरकू नये.