जाळावरचा ताशा आणि पोलादाचा स्वर



फाल्गुन लागला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात वाद्यांना खळ नसतो. सैलानीच्या यात्रेच्या वाटा गजबजतात, पाठोपाठ लग्नसराई येते. आणि वरात निघण्यापूर्वी ताशेवाल्याकडे ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल त्याला ठाऊक असेल, की पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ करून, त्यावर ताशाचे तोंड धरून, चामडे तापत असता तो मधूनमधून काडीचा हलका ठोका देतो, कान जवळ नेतो, आणि मनासारखा खणखणीत नाद उमटेपर्यंत वऱ्हाडींच्या घाईला मुळीच भीक घालीत नाही. ताशा शेकणे म्हणजे स्वर लावणेच होय, आणि हे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे त्यांची गणना आपण कलावंतांत आजवर केली नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो.

वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर आजही बकऱ्याच्या कातड्याचे ताशे असेच जाळावर शेकतात. १८४५ च्या मे महिन्यात ‘फतेल रझाक’ नावाच्या जहाजातून हिंदुस्थानी गिरमिटियांची पहिली तुकडी तेथे उतरली, आणि १९१७ साली ही मजूरभरती बंद होईपर्यंत सुमारे १,४३,००० माणसे उसाच्या मळ्यांवर नेली गेली. त्यांतील बहुसंख्य गंगेकाठच्या मुलखातील होती. परंतु मोहरमात ताबुतापुढे ताशा वाजविण्याची त्यांची रीत आपल्या वऱ्हाडातील कोणाही खेडुताने पाहताक्षणी ओळखली असती, आणि आपल्याकडल्याप्रमाणेच तेथेही त्या मिरवणुकीत हिंदू मोठ्या संख्येने सामील होत. १८८४ साली तेथील ब्रिटिश सरकारने या मिरवणुकांना शहरांच्या हद्दीत मज्जाव केला. ३० ऑक्टोबर रोजी सान फर्नांदो येथे तो हुकूम न जुमानता लोक पुढे सरकले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि कित्येक माणसे प्राणांस मुकली. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ढोलही त्याच सुमारास केलेल्या कायद्यांनी रस्त्यावरून हद्दपार झाले. म्हणजे एकाच अंमलाने दोन दुःखी समाजांच्या चर्मवाद्यांवर एकाच काळी हात टाकला होता, ही गोष्ट पुढची हकीगत ऐकताना ध्यानात असावी.

ढोल गेले तेव्हा कार्निव्हल या तेथील रस्त्यावरच्या उत्सवातील लोकांनी लहानमोठ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० नंतरच्या दशकात बांबूंच्या जागी बिस्किटांचे डबे, कचरापेट्यांची झाकणे, मोटारींचे टाकाऊ भाग आले. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कार्निव्हलवर बंदी असतानाही, वस्त्यांतील पोरे ठोकाठोकी करीतच राहिली. ठोकून ठोकून पोचा आलेल्या पत्र्यातून निराळा स्वर निघतो, हे त्यांच्या कानांनी हेरले. विन्स्टन सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स ही त्या कारागिरांतील प्रमुख नावे. पण या शोधाचे श्रेय एकट्या कोणाला देणे न्याय्य होणार नाही. तेलाचे ५५ गॅलनी पीप उपडे घालून, आपला तांबट परात ठोकतो त्याप्रमाणे त्याचा तळ घणाने खोल उतरवावयाचा, त्यावर एकेका स्वराची घरे आखावयाची, पीप आगीवर तापवावयाचे, आणि मग लहान हातोडीने एकेक घर वरून-खालून ठोकीत स्वर नेमका येईपर्यंत कान लावून बसावयाचे, अशी ही क्रिया आहे. वरच्या पट्टीच्या एकाच पिपात पुरती सप्तके मावतात, खर्जासाठी मात्र एकेका वादकाभोवती सहा-सहा, नऊ-नऊ अखंड पिपे उभी करावी लागतात. वाजविण्याच्या काड्यांच्या टोकांना रबर असते.

आरंभी पिपे वाजविणाऱ्या या वाद्यमेळांची मोठी बदनामी होती. मोहल्ल्यामोहल्ल्यांतील वैर रस्त्यावर येई, दगड चालत, सुरे निघत. १९६२ साली बेट स्वतंत्र झाले आणि १९६३ च्या कार्निव्हलात ‘पॅनोरमा’ नावाची स्पर्धा सुरू झाली. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क सव्हाना या विस्तीर्ण मैदानावर शंभराहून अधिक वादकांचा एकेक मेळ आठ-दहा मिनिटांची एकच रचना वाजवितो, आणि ती बहुतेकांनी स्वरलिपीवाचून, केवळ ऐकून पाठ केलेली असते. खरी संपत्ती मला दिसते ती मात्र मैदानावर नव्हे, तर वस्तीतील तालमीच्या अंगणात; कारण तेथे आठवडेच्या आठवडे रोज रात्री तालीम चालते, शेजारीपाजारी ऐकावयास येतात, आणि अशा ऐकण्यातूनच पुढचा वादक आणि पुढचा परीक्षक दोघेही तयार होतात. एके काळी दांडगाईबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या ‘रेनिगेड्स’ या मेळाला १९८२ ते १९९७ या अवधीत नऊ वेळा विजयी करणारा रचनाकार जित समारू हा हिंदुस्थानी वंशाचाच होता. ज्या दोन समाजांना राज्यकर्त्यांनी सदैव वेगवेगळे राखू पाहिले, त्यांच्या मीलनाची याहून उजळ साक्ष मला ठाऊक नाही.

आपल्या बाजूला अशी स्पर्धा पाहावयाची तर गोव्यास जावे. तेथे कार्निव्हल सरतो न सरतो तोच शिगमो येतो, आणि फोंडे, पणजी, मडगाव येथील मिरवणुकांत गावोगावचे रोमटामेळ ढोल, ताशे नि कांसाळी घेऊन ‘ओस्सय’च्या गजरात परीक्षकांपुढून जातात. पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनने हिंदूंचे उघड उत्सव जेथे दडपले, तेथे आज सरकारच बक्षिसे देते, ही सामान्य गोष्ट नव्हे. तरीही त्या मिरवणुकीत विजेच्या रोषणाईने झगमगणारे चित्ररथ डोळ्यांना इतके गुंतवतात, की मांडावर नमन घालून निघालेल्या वाद्यांकडे कान देण्यास फुरसत उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याच्या ढोल-ताशा पथकांतील तरुण-तरुणींची शिस्त मला वंदनीय वाटते. पण ढोलांची संख्या हीच प्रतिष्ठा होऊ लागली, आणि ताशावर चामड्याऐवजी फायबरचे पान चढले, तेव्हा शेकण्याची गरज संपली आणि तिच्याबरोबर स्वर लावणारा कानही दुबळा होऊ लागला. म्हणून बुलढाणेकरांपुढे मी एक तजवीज मांडतो. पुढल्या फाल्गुनात एखाद्या शाळेच्या पटांगणावर ताशाची स्पर्धा भरवावी; प्रत्येक मेळात दोन ताशे, एक ढोल आणि एक झांज एवढेच असावे; पान चामड्याचे असावे, जाळ तेथेच सर्वांसमक्ष पेटावा, आणि शेकण्यालाही गुण असावेत. परीक्षकांत लग्नांतून नि मोहरमच्या सवाऱ्यांतून आयुष्य घालविलेले जुने ताशेवाले असावेत, त्यांना योग्य मानधन मिळावे, आणि त्यांनी वादकांकडे पाठ करून बसावे. पऱ्हाट्या आपल्या शिवारात हव्या तेवढ्या आहेत. वर्गणीची पहिली रक्कम मी आजच कार्यवाहांच्या हाती देत आहे.