बैठकीचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या गौरवाचे चार शब्द बोलावेत, अशी रीत आहे. ते काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी केलेच आहे. आम्ही निराळा विषय घेतला आहे. आम्ही वैद्य नव्हे. जमाखर्चाची टिपणे वाचण्यात आमच्या नोकरीची बरीच वर्षे गेली. म्हणून प्रकृतीविषयी बोलतानाही आम्ही हिशेबाच्याच भाषेत बोलणार आहोत. प्रश्न इतकाच, की आपल्या बसून राहण्याची किंमत किती आणि ती कोण भरतो?

बैठे काम शरीरास बाधते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होतेच. परंतु त्यास आकड्यांचा आधार मिळाला तो लंडनच्या बसगाड्यांत. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे देत दिवसभर जिना चढे-उतरे. गाडी तीच, रस्ता तोच. तरीही कंडक्टरांत हृद्विकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळले. मुंबईच्या दुमजली गाड्यांतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना त्या जिन्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पुढील अनेक अभ्यासांनी हाच निष्कर्ष दृढ केला आहे.

आता स्वदेशाकडे वळू. प्रौढ माणसाने आठवड्यास किमान १५० मिनिटे, थोडा दम लागेल असे श्रम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ एवढेही श्रम करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण शेकडा सुमारे ४२, तर स्त्रियांत सुमारे ५७ होते. घरकाम आणि कामावर जाण्यायेण्याचे चालणे जमेस धरूनच हा हिशेब मांडला जातो, हे विशेष लक्षात घ्यावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील सुमारे १३ कोटी ६० लाख आणि उच्च रक्तदाबाचे सुमारे ३१ कोटी ५० लाख, असे अंदाज आले. हे सारे विकार केवळ बैठकीतून येत नाहीत. आनुवंशिकता, आहार, वय, तंबाखू अशी कारणे अनेक आहेत. तथापि बैठक हे त्यांतील एक मोठे आणि बरेचसे आपल्या हातातील कारण आहे.

या विकारांचा स्वभाव असा, की ते बिल एकदम पाठवीत नाहीत. आरंभी एखादी स्वस्त गोळी, तीन महिन्यांनी रक्ततपासणी. नंतर दुसरी गोळी, मग डोळ्यांची तपासणी, मग पायाची जखम, मग हृदयाचे शल्यकर्म. हप्ते लहान असतात, म्हणून घराच्या अंदाजपत्रकात ते दिसत नाहीत. बेरीज मात्र आयुष्यभर चालू राहते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये शेकडा ६४.२ होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ पर्यंत खाली आला. ही समाधानाची गोष्ट खरी. तरीही त्या वर्षी शंभर रुपयांतील ३९ रुपये रुग्णाच्या घरातून गेले, ही काही लहान रक्कम नव्हे.

आपल्यापैकी पुष्कळांना १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या केंद्र सरकार आरोग्य योजनेचे अथवा आपापल्या कंपनीच्या विम्याचे छत्र आहे. त्यामुळे ‘बिल तर मंजूर होते, मग चिंता कसली?’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मंजूर होते ते औषधाचे आणि खाटेचे बिल. रुग्णालयात रात्री बसण्यासाठी मुलाने काढलेली रजा, नागपूर-सोलापूराहून धावत आलेल्या बहिणीचे गाडीचे तिकीट, तिच्या घरची झालेली गैरसोय, परीक्षेच्या दिवसांत एकटी राहिलेली नात, ही बिले कोणत्या कार्यालयात सादर करावयाची? गावी भाऊबंद असतात, शेजारी पिढ्यांचे असतात, पाळीपाळीने माणसे उभी राहतात. आपण मुलखापासून शेकडो कोस दूर राहणारी माणसे आहोत. येथे तो सारा भार बहुधा एकाच व्यक्तीवर पडतो, आणि ती व्यक्ती बहुतेक वेळा घरातील स्त्री असते. परमुलखात दीर्घ आजार दुप्पट महाग पडतो, तो असा.

एक सोपा हिशेब मांडतो. मधुमेह हे आपल्या देशात मूत्रपिंडे निकामी होण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. अशा रुग्णास सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तास डायलिसिसवर राहावे लागते. वर्षाचे झाले ६२४ तास. जाण्यायेण्याचा वेळ निराळा, सोबतच्या माणसाचा वेळ निराळा. गरीब रुग्णांसाठी सरकारने २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली विनामूल्य सोय सुरू केली, ती स्तुत्यच आहे. पण तास कोणी परत देत नाही. आता दुसरी बाजू पाहा. आठवड्यास १५० मिनिटे चालावयाचे, तर वर्षाचे १३० तास होतात. ‘व्यायामाला वेळ नाही’ असे म्हणताना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

चालल्याने खरोखर काही टळते काय? चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ माणसांचे गट करून त्यांनी तीन वर्षांचा हिशेब काढला. ज्यांना नेहमीचाच सल्ला होता, त्यांच्यातील शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह जडला. ज्यांनी आहार सांभाळून नियमित चालण्याचा परिपाठ ठेवला, त्यांच्यात ३९ जणांना. औषध घेणाऱ्या गटाचा लाभही जवळजवळ तेवढाच होता. म्हणजे चालणे ही हमी नव्हे. चालणाऱ्यांतही ३९ जणांना विकार झालाच. म्हणून आजारी माणसास ‘तुमचेच चुकले’ असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु शंभरांतील १६ घरे तेवढ्या काळापुरती तरी वाचली, हा लाभ कोणताही हिशेबनीस दुर्लक्षिणार नाही.

व्यायाम ही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे जीवितकार्य मानले. महाराष्ट्राबाहेर, बडोद्यास, दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड संपादित केले. दूरदेशी गेलेला मराठी माणूस आपल्याबरोबर नाटक आणि गणपती नेतो. पूर्वी तो आखाडाही नेत असे.

म्हणून आमची मंडळास एक विनंती आहे. आपले सभागृह गणेशोत्सवात, तालमींच्या दिवसांत आणि लग्नसराईत गजबजलेले असते. एरवी सकाळी त्याला कुलूप असते. ते कुलूप आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासासाठी उघडावे. अर्धा तास आणि पाच दिवस मिळून नेमकी १५० मिनिटे होतात. यास यंत्रे नकोत, वर्गणी नको. सतरंजी आणि किल्ली सांभाळणारा एक कार्यकर्ता पुरे. हिवाळ्यात बाहेर धुके आणि धूर असतो, तेव्हा तर छप्पर हवेच. स्त्रियांसाठी त्यांच्या सोयीची वेळ त्यांनीच ठरवावी, आणि त्या वेळी घरातील चहा-डब्याचे काम पुरुषांनी पाहावे. ज्यांना आधीच हृदयाचा वा अन्य विकार आहे, त्यांनी डॉक्टरांस विचारून आरंभ करावा.

यातून आणखी एक लाभ होईल. रोज येणारा माणूस चार दिवस दिसला नाही, तर कोणीतरी चौकशी करील. रुग्णालयात एका रात्री सोबत बसावयास दुसऱ्या घरचा माणूस मिळेल. भाऊबंद दूर असलेल्यांना हा आधार औषधाहून कमी मोलाचा नाही.

मंडळाची पन्नास वर्षे ज्यांनी उभी केली, त्यांच्यापैकी कित्येक आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांनी पुढील अनेक उत्सवांना स्वतःच्या पायांनी जिना चढून यावे, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.