रोनन पॉइंटच्या सांध्यांत काय होते?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उंच इमारत कोसळली की सरकार तातडीने एक कारण सांगते, आणि ते कारण बहुधा लहान असते. कुणी भिंत तोडली, कुणी निष्काळजीपणे शेगडी पेटवली. लहान कारणाची सोय अशी की, ते एखाद्या भाडेकरूच्या माथी मारता येते. आज मी लंडनच्या रोनन पॉइंट या इमारतीविषयी बोलणार आहे. तिथे अधिकृत स्पष्टीकरणाची परीक्षा प्रत्यक्ष इमारत उकलून झाली, आणि असा योग क्वचितच येतो.

पूर्व लंडनच्या न्यूहॅम भागात नगरपालिकेने बांधलेली ही २२ मजली इमारत राहण्यास खुली होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १६ मे १९६८ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास १८व्या मजल्यावरील एका बाईने चहासाठी काडी ओढली. गॅस गळत होता. स्फोटाने कोपऱ्यातील भिंती बाहेर फेकल्या गेल्या, वरच्या मजल्यांचा आधार गेला, आणि त्यांच्या भाराने खालचे मजले एकामागून एक कोसळत गेले. चार माणसे मेली. काडी ओढणारी बाई वाचली. कोसळला तो भाग मुख्यतः बैठकीच्या खोल्यांचा होता आणि त्या वेळी माणसे निजण्याच्या खोल्यांत होती, म्हणूनच आकडा चारवर थांबला.

ह्यू ग्रिफिथ्स या ज्येष्ठ वकिलाच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. तिचा अहवाल थातुरमातुर नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. गॅसच्या नळीचा पितळी नट निकृष्ट होता, हे त्याने शोधून काढले. स्फोट काही असाधारण नव्हता, हेही सांगितले. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे तक्ते, सांगाड्याविना, पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे एकावर एक रचलेले. त्यांतील एक भिंत गेली तर भाराला दुसरी वाटच नाही, हा दोष त्याने नेमका दाखविला. १९७० साली ब्रिटनचे बांधकाम-नियम बदलले ते यामुळेच. परंतु त्याच अहवालाने असाही निर्वाळा दिला की, दोष रचनेत अंगभूत होता, कारागिरीत नव्हता. इमारत तत्कालीन नियमांना धरून होती. म्हणजे चूक नियमांची. हाडामांसाच्या कुणा माणसाची नव्हे! कोपरा पुन्हा बांधला, सांध्यांना लोखंडी पट्ट्यांचा आधार दिला, आणि लोकांना पुन्हा तेथेच राहावयास पाठविले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र एक वेगळाच प्रश्न पडतो. ही पद्धत मुळात डेन्मार्कची, आणि ती एवढ्या उंचीसाठी आखलेलीच नव्हती. मग २२ मजले का? याचे उत्तर काँक्रीटमध्ये नाही, १९५६च्या गृहनिर्माण अनुदान कायद्यात आहे. साध्या घरामागे नगरपालिकेला वर्षाला सुमारे २२ पौंड मिळत; सहा मजली इमारतीतील घरामागे ५० पौंड, आणि त्यावर प्रत्येक चढत्या मजल्यागणिक आणखी पावणेदोन पौंड. उंचीलाच भाव ठरवून दिल्यावर इमारती उंच होणार, यात नवल ते काय? घाई आणि स्वस्ताई यांची सांगड घालणाऱ्या कंत्राटदारांना ही पर्वणीच होती. (मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनात पौंडांच्या जागी विक्रीयोग्य चटईक्षेत्र ठेवून पाहा, गणित तुम्हाला ओळखीचे वाटेल.)

येथे आपल्याला जरा अवघड जाईल असेही काही सांगितले पाहिजे. तो कायदा हुजूर पक्षाचा; परंतु रोनन पॉइंट उभी राहिली ती हॅरोल्ड विल्सन यांच्या मजूर सरकारच्या काळात. वर्षाला पाच लाख घरांचे उद्दिष्ट त्या सरकारचे होते, आणि कारखानदारी पद्धतीच्या बांधकामाचा आग्रहही त्याचाच. इमारतीला नाव दिले ते नगरपालिकेच्या गृहसमितीच्या अध्यक्षांचे. कामगारांना घरे हवी होती यात वाद नाही. मोजली गेली ती फक्त संख्या.

सॅम वेब या वास्तुविशारदाने त्या निर्वाळ्यावर शंका घेतली आणि ती वर्षानुवर्षे सोडली नाही. रहिवासी त्याला भिंत आणि जमीन यांमधल्या फटी दाखवीत. त्याने शंकेचे भांडवल केले नाही. सांधे उघडून पाहा, एवढाच त्याचा आग्रह होता. अखेर १९८४ मध्ये इमारत रिकामी करण्याचे ठरले, आणि १९८६ मध्ये ती सुरुंग न लावता एकेक मजला उकलून उतरविण्यात आली. ज्या सांध्यांत चुना-सिमेंटचा गच्च भराव हवा होता, तेथे पोकळी होती. वर्तमानपत्रांचे बोळे होते, कचरा होता. जो भार भिंतीच्या सबंध लांबीवर पसरावयाचा, तो जागोजागी दोन-दोन बोल्टांवर पेलला होता. ‘कारागिरीत दोष नव्हता’ या वाक्याला अठरा वर्षांनी मिळालेले हे उत्तर!

तरुण कार्यकर्ते मला न्यूयॉर्कच्या त्या ४७ मजली सातव्या इमारतीविषयी नेहमी विचारतात. ११ सप्टेंबर २००१ रोजी ती कोसळली; २००८च्या सरकारी अहवालाने कारण दिले आगीचे. टीकाकारांच्या दबावामुळे अंतिम अहवालात सव्वादोन सेकंदांचे मुक्त पतन नमूद करावे लागले, हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण तेवढ्यावरून सुरुंगाची कथा सिद्ध होत नाही. तिचे पोलाद तपासणीआधीच भंगारात गेले, हीच खरी तक्रार. ढिगारा उचलण्याची घाई सरकारला असते. आपली पहिली मागणी ढिगारा राखण्याची असावयास हवी.

१९६८ नंतर ब्रिटिश सरकारने आदेश दिला होता की, अशा तक्त्यांच्या इमारती बळकट केल्याखेरीज त्यांत गॅस ठेवू नये. २०१७ साली ग्रेनफेल मनोऱ्याच्या आगीत ७२ माणसे मेल्यानंतर दक्षिण लंडनच्या लेडबरी वसाहतीतील रहिवाशांनी आपल्या भिंतींतील भेगांकडे बोट दाखविले. तपासणी झाली, आणि त्या ऑगस्टमध्ये चारही मनोऱ्यांचा गॅस बंद करावा लागला. जवळजवळ पन्नास वर्षे तो चालूच होता.